संशोधन संस्थांमधली जाहीर व्याख्यानं, प्रदर्शनं आणि बाहेरून येणारे आपण

वहीवाली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते, जरा लांबेल.

माझं शिक्षण कॉमर्सचं, नोकरी हिशेबाची. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. बारा वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या आवारातल्या संशोधन संस्थेच्या गेटवर एक साधा प्रिंटआउट चिकटवलेला दिसला. जाहीर व्याख्यान, विषय ताऱ्यांचा मृत्यू, आणि खाली "सर्वांना प्रवेश". त्या "सर्वांना"मध्ये मी येते का हे वॉचमनला विचारलं, तो म्हणाला या की ताई, आत डावीकडे हॉल आहे. आपला सूर्य शेवटी एक पांढरा बटू तारा होणार, म्हणजे आकार पृथ्वीएवढा आणि त्यात आजच्या सूर्याचं जवळपास निम्मं वस्तुमान, हे त्या दिवशी ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून महिन्याला एक-दोन व्याख्यानं ठरलेली, खगोल असो, पेशी असोत, नद्या असोत, शिलालेख असोत, जे असेल ते. प्रत्येकाची नोंद वहीत करते, तारीख, वक्ता, मुद्दे, फळ्यावरची आकृती आणि सगळ्यात शेवटी लोकांनी विचारलेले प्रश्न. नऊ वह्या झाल्यात.

आता धागा ज्यासाठी काढला ते. गेल्या महिन्यात एके ठिकाणी गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे जागेलाच ताणत-आखडत जाणाऱ्या लहरींवर, व्याख्यान होतं. एकूण दीड तास. त्यात स्वागत, मान्यवरांचा सत्कार, वक्त्याचा परिचय (सगळे पुरस्कार, सगळ्या समित्या, वाचून दाखवलं), मग प्रास्ताविक, असा अर्धा तास गेला. वक्ता फार छान बोलला, अगदी जीव ओतून. पण तो थांबला तसे अध्यक्ष उठले, त्यांनी व्याख्यानाचा सारांश सांगितला, आणि सूत्रसंचालकाने जाहीर केलं की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत शाळेच्या युनिफॉर्ममधला एक मुलगा होता. त्याचा हात वक्ता बोलायचा थांबल्यापासून वर होता. आभारप्रदर्शन चाललं होतं तरी वर होता. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले तेव्हा त्याने तो खाली घेतला.

बाहेर प्रदर्शन लावलं होतं. तेही तसंच, परिषदेतली पोस्टरं आणून लावलेली, अक्षरं मुंगीएवढी, शेजारी सांगायला कोणी नाही.

मला या संस्थांबद्दल फार प्रेम आहे, मला त्यांनी जे दिलंय ते दुसरीकडे कुठे मिळालं नसतं, म्हणूनच टोचतंय. तुमचे अनुभव सांगा. आणि आपण नुसते ऐकणारे लोक, आपण काही मागू शकतो का त्यांच्याकडे?

जुना_श्रोता:
ताई, मागू शकतो का काय, मागायलाच हवं. जाहीर व्याख्यान म्हणजे उपकार नव्हे.

तुमच्या वह्यांवरून फॅरडे आठवला. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा, शाळा नावापुरती. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने चार व्याख्यानं ऐकली, नोंदी काढल्या, आकृत्या काढल्या, तीनशेच्या वर पानं झाली, ती स्वतः बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो तिथे मदतनीस म्हणून लागला, आणि १८३१ साली त्याच इमारतीत त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडलं, म्हणजे चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते ते. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं तिथे १८२५ पासून सुरू आहेत, महायुद्धाची काही वर्षं सोडली तर आजतागायत, आणि त्यातल्या एकोणीस मालिका फॅरडेने स्वतः घेतल्या. बाहेरून आत आलेल्या माणसाने दार आणखी मोठं केलं, मला ही गोष्ट त्याच्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडे रामन. १९०७ साली कोलकात्यात अर्थखात्यात अधिकारी म्हणून गेले, ट्रॅममधून जाताना इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची पाटी दिसली आणि उतरून आत गेले असं सांगतात. डॉक्टर महेंद्रलाल सरकारांनी ही संस्था १८७६ मध्ये काढली तेव्हा जाहीर व्याख्यानं हेच तिचं मोठं काम होतं. रामन ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर तिथे प्रयोग करायचे. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन त्याच संस्थेतल्या कामावरून आहे. ताईंच्या गेटवरचा कागद आणि ही पाटी, माझ्या लेखी एकच गोष्ट.

अर्धविराम:
मी एका संस्थेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे, भौतिकशास्त्र. दुसरी बाजूही मांडतो, कोणी रागावू नका.

जाहीर व्याख्यान तयार करायला मला साधारण तीन आठवडे लागतात. सेमिनारला दोन दिवसांत तयारी होते कारण समोरच्यांना माझी भाषा येते. इथे प्रत्येक वाक्याला थांबावं लागतं, हा शब्द चालेल का, ही आकृती आडव्या-उभ्या अक्षांशिवाय कळेल का. आणि हे काम कुठेही मोजलं जात नाही, बढतीच्या फॉर्ममध्ये शेवटची एक ओळ असते "इतर उपक्रम". त्यामुळे तरुण लोक टाळतात, आणि मग तेच ते दोन-तीन हौशी प्राध्यापक दरवर्षी.

परिचय आणि सत्काराचं म्हणाल तर ते वक्त्यालाही नको असतं हो. मी स्टेजवर बसून घड्याळाकडे बघत असतो आणि मनात स्लाइड्स गाळत असतो. गेल्या वेळी मी आयोजकांना आधीच लिहून दिलं की परिचय तीन ओळींचा, मीच पाठवतो, आणि शेवटची वीस मिनिटं प्रश्नांची, ती मी सोडणार नाही. त्यांनी मान्य केलं, काही अडलं नाही कुणाचं. म्हणजे वक्त्याने मागितलं की मिळतं. फार कमी वक्ते मागतात.

प्रश्नांशिवाय व्याख्यान मलाही अपुरं वाटतं, कारण मी कुठे कळलो नाही हे मला तिथेच समजतं. एका आजोबांनी विचारलं होतं, "विश्व प्रसरण पावतंय तर मग आपण का नाही पावत, ही भिंत का नाही पावत?" मी उत्तर दिलं की अणूंना धरून ठेवणारं बल आणि गुरुत्व इथे कितीतरी भारी पडतं, ते प्रसरण फक्त दीर्घिकासमूहांच्या (गॅलेक्सींच्या समूहांच्या) मधल्या अंतरांत दिसतं. पण मला तेव्हा कळलं की ही एक ओळ मी व्याख्यानात घालायलाच हवी होती. आता घालतो.

शेवटचा_बाक:
मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडच्या ओपन डेला दोन वर्षं व्हॉलंटियर होते. प्रदर्शनाबद्दल सांगते.

पहिल्या वर्षी आम्हाला टीशर्ट दिले आणि गर्दी आवरा म्हणून सांगितलं बास. लोक विचारायचे हे काय आहे आणि आम्ही म्हणायचो पॅनेलवर लिहिलंय, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी आधी चार शनिवार आम्हाला बसवलं, प्रत्येकीला एकच प्रयोग दिला, तो उघडायचा, बिघडवायचा, परत जोडायचा. मला फूकोचा लंबक मिळाला होता, पृथ्वी फिरते हे दाखवणारा, उंचावरून टांगलेला जड गोळा. दिवसभरात मी तो किती वेळा समजावला असेल देव जाणे, घसा बसला, पण दुपारनंतर माझं मलाच नीट समजायला लागलं, की लंबकाचं प्रतल आपल्या जागी राहायचा प्रयत्न करतं आणि खालची जमीन फिरते, ध्रुवावर असता तर एका दिवसात पूर्ण फेरी, विषुववृत्तावर फेरीच नाही, आणि आपल्यासारख्या मधल्या अक्षांशाला त्याहून कितीतरी जास्त तास. एक काकू अर्धा तास उभ्या राहिल्या, खालची खूण सरकते का बघायला. सरकली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

त्या मॅडम सांगत होत्या की सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम १९६९ ला सुरू झालं तेव्हापासून तिथे शाळेतली मुलंच प्रयोग समजावून सांगतात. ते काढणारे फ्रँक ओपेनहायमर, अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरांचे धाकटे भाऊ, त्याआधी विद्यापीठात शिकवत होते आणि तिथे त्यांनी प्रयोगांची लायब्ररी केली होती, म्हणजे उपकरणं मांडून ठेवलेली, विद्यार्थ्याने केव्हाही यावं आणि हात लावून बघावं. म्युझियमची कल्पना त्यातून आली.

मंदप्रकाश:
व्वा, लंबकवाली पोस्ट फार आवडली.

मी हस्तलिखितांच्या विभागात काम करते, प्रदर्शनं मांडणं हा कामाचाच भाग. वहीवाली ताईंनी पोस्टरांबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. परिषदेतलं पोस्टर ज्याला विषय माहीत आहे त्याच्यासाठी असतं, ते उचलून प्रदर्शनात लावणं म्हणजे ऑफिसची फाइल कुणाच्या हातात देऊन वाचा म्हणण्यासारखं. आम्ही स्वतःला घालून घेतलेले नियम सांगते, ज्यांना कुठे लावायचं असेल त्यांना उपयोग होईल.

एका पॅनेलवर फार तर शंभर शब्द. पहिल्या वाक्यात समोर काय दिसतंय ते. "प्रस्तुत पोथी" अशी सुरुवात करायची नाही, "या पोथीच्या कडेला दिसणारे काळे डाग दिव्याच्या काजळीचे आहेत" अशी करायची, म्हणजे माणूस वाकून डाग शोधतो. डाग सापडला की तो पुढचं वाचतो. पॅनेलचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, मुलं येणार असतील तर आणखी खाली. चमकणाऱ्या फ्लेक्सवर लाइट पडला की अर्धं दिसतच नाही, मॅट घ्या. आणि लिहिणाऱ्याने लेबल छापायच्या आधी विषयाबाहेरच्या एका माणसाला मोठ्याने वाचायला द्यायचं, तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती. आमच्याकडे हे काम अकाउंट्सचे एक गृहस्थ करतात आणि त्यांचा शब्द अखेरचा असतो.

लोक नेहमी विचारतात की एवढा अंधार का ठेवता. तर कागद, कापड, ताडपत्र, जुने रंग यांना प्रकाश सोसत नाही, झालेलं नुकसान परत भरून येत नाही आणि ते साठत जातं. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड ठेवत नाहीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत रात्री असतो त्याहूनही कमी. उघडी पोथी असेल तर काही आठवड्यांनी पान बदलायचं, प्रदर्शन संपलं की परत रुमालात बांधून अंधारात विश्रांती. हे कारण आम्ही आता दारातच लिहितो. ते लिहिल्यापासून लोक आत आल्यावर दोन मिनिटं थांबतात, डोळे सरावू देतात. कारण सांगितलं की लोक फार समजून घेतात हो, सांगायचीच आपल्याला सवय नाही.

आणि शेवटी माणूस लागतोच. पॅनेल कितीही चांगलं असलं तरी "ही शाई कशाची?" हा प्रश्न माणसालाच विचारला जातो. काजळी आणि डिंक हे उत्तर लेबलवर आहे. पण विचारणाऱ्याला ते माणसाकडून ऐकायचं असतं, कारण त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो, मग ती पाण्याने पुसली कशी नाही गेली.

मुक्काम_पोस्ट:
तुम्ही सगळे नशीबवान, चालत जाऊन व्याख्यान ऐकता. माझ्या गावापासून सगळ्यात जवळची अशी संस्था पाच तासांवर. माझ्यासाठी व्याख्यान म्हणजे युट्यूब. त्यामुळे माझी एकच मागणी, रेकॉर्डिंग करा आणि टाका, नीट टाका. कितीतरी ठिकाणी कॅमेरा मागे लावून ठेवतात, आवाज हॉलमधला घुमणारा, स्लाइड पांढऱ्याफटक, आणि प्रेक्षकातल्या माणसाचा प्रश्न तर ऐकूच येत नाही, वक्ता एकदम म्हणतो "हो, बरोबर आहे तुमचं", काय बरोबर आहे ते आम्हाला कळत नाही. वक्त्याने प्रश्न माइकवर परत म्हणावा एवढं जरी केलं तरी पुरे.

चाकावरून:
मुक्काम_पोस्ट, प्रश्न परत म्हणावा ही मागणी माझीही, हॉलमध्ये बसलेल्या कमी ऐकू येणाऱ्यांनाही तेच लागतं.

मी व्हीलचेअर वापरतो. व्याख्यानाच्या पत्रिकेत तारीख, वेळ, वक्ता, अध्यक्ष सगळं असतं, हॉलला पायऱ्या किती हे नसतं. दरवेळी फोन करावा लागतो, आणि फोन उचलणाऱ्याला माहीत नसतं. एकदा मला स्टोअररूममधून मागच्या दाराने नेलं, नेणारा मुलगा फार चांगला होता, पण मी स्टेजच्या बाजूला एकटा बसलो होतो, सगळ्या हॉलकडे तोंड करून. मधल्या रांगेतली एक खुर्ची काढली तर माझी जागा होते, एवढंच काम आहे. प्रदर्शनात काचेच्या आडव्या पेट्या असतात त्यांच्याखाली गुडघे जायला जागा असेल तर मी जवळून बघू शकतो, नाहीतर मला फक्त काचेची कड दिसते. मंदप्रकाश ताई, तुमच्याकडे बघा ना जरा.

मंदप्रकाश:
आमच्या चार पेट्यांपैकी तीन खालून बंद आहेत. आज जाऊन बसून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच दिसतं, फक्त कड. पुढच्या मांडणीआधी बदलायला सांगते. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

गणितवेडा:
माझं मत जरा वेगळं आहे. प्रश्नोत्तरांचा आग्रह मला पटतो पण प्रत्यक्षात काय होतं? पहिला माइक नेहमी त्याच दोन-तीन लोकांकडे जातो, ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचं छोटं व्याख्यान देतात, आणि शाळेतल्या मुलाचा नंबर तसाही येत नाही. त्यापेक्षा वक्त्याला अजून वीस मिनिटं बोलू द्या, रेकॉर्ड करा, प्रश्न ईमेलने.

अर्धविराम:
त्यावर उपाय आहेत दादा. २०१८ साली एक अभ्यास आला होता, १० देशांतले जवळपास अडीचशे सेमिनार बसून मोजलेले. बायका पुरुषांपेक्षा खूपच कमी प्रश्न विचारतात हे त्यात दिसलं, हजेरी सारखी असली तरी. पण पहिला प्रश्न बाईने विचारला असेल तर हा फरक कमी होतो, आणि प्रश्नांना वेळ जास्त असेल तरीही कमी होतो. म्हणजे पहिला माइक कुणाला द्यायचा हे आयोजकाच्या हातात असतं. मी आता पहिला प्रश्न सोळा वर्षांखालच्या कुणाचा असं आधीच जाहीर करून टाकतो, आणि त्याआधी दोन मिनिटं सगळ्यांना शेजाऱ्याशी बोलायला सांगतो. त्या दोन मिनिटांत प्रश्न तयार होतात, एकट्याला विचारायची भीती जाते.

जुना_श्रोता:
गणितवेडा, ईमेलवरून आठवलं, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची पद्धत ठाऊक असेल. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर सहीनिशी पाठवतो. म्हणजे सहीची किंमत एक प्रश्न. त्यांनी उभी केलेली आयुका, म्हणजे पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, तिची स्थापना १९८८ ची, विद्यापीठाच्या आवारात, पण तिथे शाळेतल्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू राहिली आणि पुलंच्या नावे मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान शोधिकाही उभी राहिली. ज्या संस्थेचा संचालक पोस्टकार्डाला उत्तर लिहितो तिथे बाकीच्यांना वेळ नाही म्हणायची सोय राहत नाही. तेव्हा लेखी प्रश्नाला माझी ना नाही, पण उत्तर यायला हवं. बहुतेक संस्थांच्या ईमेलला उत्तर येत नाही, हा माझा अनुभव.

सांजवेळ:
भाषेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी मराठीची शिक्षिका. "जाहीर" व्याख्यान जर फक्त इंग्रजीत असेल तर त्या जाहीरला काय अर्थ.

लंडनला ग्रेशम कॉलेज म्हणून आहे, १५९७ पासून फुकट जाहीर व्याख्यानं देणारं, पदवी नाही, परीक्षा नाही. सुरुवातीला तिथे एकच व्याख्यान आधी लॅटिनमध्ये आणि मग परत इंग्रजीत देत, विद्वानांसाठी एकदा आणि शहरातल्या व्यापारी-खलाशांसाठी एकदा. आज आपण जिच्याकडे ज्ञानाची भाषा म्हणून बघतो ती इंग्रजी तेव्हा सामान्यांसाठीची दुसरी भाषा होती! त्याच कॉलेजात १६६० च्या नोव्हेंबरात खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर रेनच्या एका व्याख्यानानंतर काही मंडळी मागे थांबून बोलत बसली आणि त्यातून रॉयल सोसायटी ही विज्ञानाची नामांकित संस्था निघाली. व्याख्यानानंतर थांबून बोलण्याचं महत्त्व यापेक्षा वेगळं काय सांगू.

मराठीत बोलताना वक्ते उगाच घाबरतात, प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द हवा असं त्यांना वाटतं. नको हो. न्यूट्रॉन म्हणा, जीन म्हणा, डेटा म्हणा. वाक्य मराठी असलं की झालं. श्रोत्याला अडतं ते वाक्यात, शब्दात नाही.

मुक्काम_पोस्ट:
सांजवेळ ताई पटलं. आणि मागे थांबून बोलण्याचं जे म्हणालात ना, ते मला रेकॉर्डिंगमधून कधीच मिळणार नाही, हे आज वाचताना जाणवलं.

बरं, वहीवाली ताई, तुमच्या त्या नऊ वह्यांमध्ये बारा वर्षांपूर्वीची व्याख्यानं आहेत. त्यांची रेकॉर्डिंग आहेत का कुठे? संस्थांच्या चॅनेलवर बघितलं तर बहुतेकांचं सगळं गेल्या चार-पाच वर्षांतलं.

पॅरिसचं कॉलेज द फ्रान्स बघा, १५३० ची संस्था, आजही नावनोंदणी नाही, परीक्षा नाही, कोणीही जाऊन बसावं आणि प्राध्यापकाने आपलं चालू संशोधनच सांगावं असा नियम. तत्त्वज्ञ मिशेल फूको (लंबकवाला फूको वेगळा) तिथे १९७० ते ८४ बोलायचा तेव्हा हॉल भरून बाहेर माणसं, आणि टेबलावर लोकांनी ठेवलेले टेपरेकॉर्डर. तो गेला, आणि पुढे त्या व्याख्यानांची पुस्तकं निघाली ती याच श्रोत्यांच्या कॅसेटवरून. हे संस्थेने केलं नव्हतं, ऐकायला येणाऱ्यांनी केलं होतं. तुमच्या वह्या तशाच आहेत.

वहीवाली:
मी असा विचारच कधी केला नव्हता. वह्या माझ्यासाठी होत्या.

आज सुट्टी होती म्हणून सगळ्या काढून बसले. मोजलं, एकशे सदुसष्ट व्याख्यानं. पहिल्या चार वह्यांत मुद्देच जास्त आहेत, प्रश्न थोडे, पाचवीपासून प्रश्नांची पानं मोठी होत गेलीत, सातव्या वहीत तर काही व्याख्यानांचे मुद्दे अर्धं पान आणि प्रश्न तीन पानं. मला स्वतःला हे आज दिसलं. एका व्याख्यानाखाली लिहिलंय, "शेवटच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, नदीला पूर येतो तो आजार आहे की तब्येत?" नद्यांवर बोलणारे वक्ते त्यावर दहा मिनिटं बोलले होते, पुराने येणारा गाळ, पूरमैदान, जमिनीत मुरणारं पाणी, ते सगळं त्या एका प्रश्नामुळे लिहून राहिलंय.

गणितवेडा दादा, म्हणून मला ती वीस मिनिटं सोडवत नाहीत.

गणितवेडा:
ताई, हा नदीचा प्रश्न वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो. त्या मुलाला काय विचारायचं होतं ते कळलं का तुम्हाला शेवटी?

वहीवाली:
हो, ते सांगायचं राहिलंच. गेटपाशी गाठलं मी त्याला. म्हणाला, "काकू, ते म्हणाले की लहर आली की जागाच ताणली जाते. रबरी पट्टी ताणली तर तिच्यावरच्या सेंटिमीटरच्या खुणाही ताणल्या जातात. मग नळीतला प्रकाशही ताणला जाणार ना, मग लांबी वाढली हे मोजणार कशाने?" मला उत्तर येत नव्हतं. म्हटलं मी विचारून ठेवते. त्याची रिक्षा आली, तो गेला.

अर्धविराम:
ताई हा प्रश्न आम्ही एमएस्सीला एकमेकांना विचारायचो आणि वाद घालायचो! अगदी नेमका प्रश्न आहे. उत्तर लिहितो, शक्य तितकं साधं.

मुलगा बरोबर आहे. लहरी पकडायच्या उपकरणात काटकोनात दोन लांब नळ्या असतात, त्यांना भुजा म्हणतात, आणि त्यांच्यातून लेसरचा प्रकाश जाऊन येतो. लहर येते तेव्हा नळीत जो प्रकाश आधीपासून आहे तो जागेबरोबर ताणला जातो. पण लेसर बंद झालेला नाही, तो सतत नवा प्रकाश आत पाठवतोय आणि त्याच्या तरंगांमधलं अंतर लेसर ठरवतो. या नव्या प्रकाशाला ताणलेल्या भुजेत जाऊन यायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि काटकोनातल्या दुसऱ्या भुजेत, जी त्याच वेळी आखडलेली असते, थोडा कमी. दोन्हीकडचे तरंग परत भेटतात तेव्हा पुढेमागे झालेले असतात आणि ते पुढेमागे होणं आपण मोजतो. म्हणजे प्रकाश इथे पट्टी नाही, घड्याळ आहे. आणि हे जमतं कारण लहर तुलनेने सावकाश आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली लहर पकडली ती सेकंदाला साधारण ३५ पासून २५० वेळा हेलकावत गेली. चार किलोमीटरच्या भुजेत प्रकाश एकदा जाऊन येतो तो सेकंदाच्या सुमारे सदतीस हजाराव्या भागात. भुजेत तो कितीतरी वेळा येरझाऱ्या घालतो, तरीही एक हेलकावा पूर्ण व्हायच्या आत जुना प्रकाश बाहेर आणि नवा आत. लांबीतला फरक मात्र प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान, हे त्या वक्त्यांनी सांगितलंच असेल.

त्याला सांगा की हा प्रश्न फार मोठा आहे.

शेवटचा_बाक:
मला हे आत्ता कळलं. प्रोजेक्टसाठी वाचलं होतं तेव्हा कळलं नव्हतं.

वहीवाली:
तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

जिथे मी सगळ्यात जास्त व्याख्यानं ऐकली त्या संस्थेच्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं होतं, वह्यांबद्दल. उत्तर आलं. त्यांच्याकडे पहिल्या सात वर्षांची एकही ध्वनिफीत नाही, काही भित्तिपत्रकं आहेत, वक्त्यांची यादीसुद्धा पूर्ण नाही. ते वह्या स्कॅन करून ठेवणार आहेत, आणि त्यांनी मुद्दाम लिहिलंय की प्रश्नांची पानं गाळू नका. पहिल्या तीन वह्या काल देऊन आले. मुक्काम_पोस्ट, तुमच्यामुळे झालं हे.

गुरुत्वीय लहरींच्या व्याख्यानाच्या आयोजकांनाही वेगळं पत्र लिहिलं, तक्रारीचा सूर ठेवला नाही, फक्त मुलाचा प्रश्न आणि अर्धविराम यांचं उत्तर जसंच्या तसं घातलं, आणि म्हटलं की हे त्या दिवशी हॉलमध्ये व्हायला हवं होतं. चाकावरून दादांच्या पायऱ्यांचंही लिहिलं. त्यांच्याकडून पत्राचं उत्तर अजून नाही, पण पुढच्या व्याख्यानाचा कागद आला त्यावर खाली छापलंय, प्रश्नांसाठी २० मिनिटं, आणि हॉलला तीन पायऱ्या, पूर्वेकडच्या दाराला रॅम्प.

उत्तराचा प्रिंट काढून नवव्या वहीत त्या प्रश्नाच्या पानावर ठेवलाय. मुलाचं नाव विचारायचं राहिलं होतं, युनिफॉर्म तेवढा लक्षात आहे. व्याख्यान प्रवाळांवर आहे, मी यावेळी दारापाशीच्या रांगेत बसणार आहे.